झाकण, डबा आणि ‘शाळकरी विज्ञान’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

(आपण नाव लिहिलेलं नाही, म्हणून महोदय. महोदया असाल तर तसं वाचून घ्यावं.)

लहान कॅबिनेटमधल्या इंटेल ८७००के प्रोसेसरचं झाकण (चिपवरचं धातूचं आवरण) काढून, आतली पेस्ट बदलून तो ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्या वेगाहून जास्त वेगावर चालवला, त्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी इथे देतो. नंतर ‘माझे शब्द फिरवले’ असं व्हायला नको.

“मोठं धाडस. पण झाकण काढल्याने उष्णता कमी होत नाही, ती तेवढीच राहते. सात लिटरच्या डब्यातून ती जाणार कुठे? हे शाळकरी विज्ञान आहे. खोलीचं तापमान किती होतं, बाजूचं पॅनल लावून मोजलं की काढून, अंडरव्होल्ट करून का पाहिलं नाही, यातलं काहीच लेखात नाही. वॉरंटीचा उल्लेख शेवटच्या ओळीत. हौस म्हणून ठीक आहे, वाचकांना सल्ला म्हणून बेजबाबदार.”

खालीच दोन ओळींत उत्तर देणार होतो. त्या दोन ओळी तीन वेळा लिहून खोडल्या, म्हणून आता हे स्वतंत्र पान.

आधी सुराबद्दल बोलू. ‘मोठं धाडस’ आणि लगेच पूर्णविराम. हे कौतुक नाही, हे मला कळतं. पुढे ‘डबा’. ज्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय मिलिमीटर मोजून बसवलेले असतात, त्याला डबा म्हणायला हरकत नाही, मीही लाडाने म्हणतो; पण आपल्या वाक्यात लाड दिसला नाही. आणि ‘हौस म्हणून ठीक आहे’ हे तर मराठी माणसाचं ठेवणीतलं वाक्य. समोरच्याने काही केलं आणि त्यात चूक सापडली नाही, की ते हौसेच्या खात्यात टाकायचं. टीका जरूर करावी. मी प्रतिक्रिया गाळत नाही, ही गाळलेली नाहीच. पण मास्तरांनी वही परत फेकावी तशी प्रतिक्रिया लिहिली, की उत्तरातही थोडा खडू उडणार.

एक गोष्ट मात्र मान्य. वॉरंटीचं वाक्य वर असायला हवं होतं. झाकण काढलं की वॉरंटी संपते, हे माहीत असलेलेच लोक असे लेख वाचतात असं मी धरून चाललो होतो. आज ती ओळ लेखाच्या सुरुवातीला नेली आहे आणि ठळक केली आहे. ज्याचं त्याला श्रेय: ती आपल्यामुळे वर गेली.

आता ते वाक्य. ‘उष्णता तेवढीच राहते.’

बरोबर आहे. कोण नाही म्हणतंय? झाकण काढल्याने वॅट कमी होतात असं माझ्या लेखात एका जागी दाखवा. (अगदी काटेकोरपणे पाहिलं तर किंचित कमी होतातही. डाय, म्हणजे झाकणाखालची सिलिकॉनची चिप, थंड राहिला की ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाह घटतो, त्यामुळे त्याच व्होल्टेजला आणि त्याच वेगाला थोडे वॅट वाचतात. पण तेवढ्यावर मी भांडत नाही.) मी बोलत होतो तापमानाबद्दल. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शाळा आपणच काढली आहे म्हणून सांगतो: हे आठवीच्या आसपास शिकवतात.

डायपासून खोलीतल्या हवेपर्यंत उष्णतेचा रस्ता असा. आधी डाय आणि झाकण यांच्यामधली पेस्ट. मग झाकण, म्हणजे निकेलचा मुलामा दिलेला तांब्याचा हीट स्प्रेडर. मग झाकण आणि कूलर यांच्यामधली पेस्ट. मग कूलरचा तळ, हीटपाइप, पात्या आणि हवा. हे टप्पे एकापाठोपाठ एक आहेत, आणि प्रत्येकाचा स्वतःचा रोध आहे. तो अंश प्रति वॅट असा मोजतात. सगळ्यांची बेरीज करा, तिला वॅटने गुणा, की डाय खोलीपेक्षा किती अंशांनी वर असेल ते मिळतं. एकसर जोडणीतल्या विद्युत रोधांचं जे गणित, तेच हे.

आता माझे आकडे घ्या. लेखातल्या तक्त्यात ते होतेच. सगळे सहा कोअर ४.३ गिगाहर्ट्झवर, साधारण १.१८ व्होल्ट, एव्हीएक्स (प्रोसेसरला जास्त तापवणाऱ्या जड आकडेमोडीच्या आज्ञा) बंद ठेवून प्राइम९५ ही ताण देणारी चाचणी, पॅकेज पॉवर (अख्ख्या प्रोसेसरचे वॅट) १०५ वॅटच्या आसपास. झाकणाखाली मुळातली पेस्ट असताना ९४ अंश. झाकण काढून, जुना गोंद खरवडून, पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) लावून तेच झाकण परत बसवल्यावर, तोच कूलर, तोच पंखा, त्याच वेगावर, ७८ अंश. फरक १६ अंशांचा. १०५ने भागा, सुमारे ०.१५ अंश प्रति वॅट. झाकणाखालचा एवढा रोध मी रस्त्यातून उचलून बाहेर टाकला. कॅबिनेट सात लिटरचं असो की सत्तर लिटरचं, हे ०.१५ बेरजेतून वजा होतात ते होतातच. पुढच्या टप्प्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. उष्णता तेवढीच पोचते, कूलर तेवढाच तापतो, खोलीही तेवढीच तापते. फक्त डाय सोळा अंशांनी खाली येतो. मला डायच खाली आणायचा होता. थ्रॉटल डाय होतो, म्हणजे फार तापला की स्वतःचा वेग उतरवतो; खोली होत नाही.

आणि हे लहान कॅबिनेटमध्येच का करायचं? इथेच आपली गल्लत झाली आहे असं मला वाटतं. मोठ्या टॉवर कॅबिनेटवाल्याला प्रोसेसर तापला तर दहा वाटा असतात. १६५ मिलिमीटर उंचीचा दोन पंख्यांचा कूलर घाला, पुढे तीन पंखे लावा, तीन पंख्यांचा रेडिएटर वर टांगा. माझ्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर ४८ मिलिमीटर जागा आहे. मिनी आयटीएक्स मदरबोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा, त्याला खेटून रॅम, दुसऱ्या बाजूला एसएफएक्स पॉवर सप्लाय. या जागेत बसणारे कूलर मोजके. नॉक्टुआचा एनएच-एल९आय पंख्यासकट ३७ मिलिमीटरचा आहे, आणि तो ओव्हरक्लॉकसाठी नाही हे कंपनीच सांगते. मी ४७ मिलिमीटरचा लावलाय. त्यापुढे एक मिलिमीटर उरतो. म्हणजे कूलरचा रोध मला कमी करता येत नाही. हवेचा येत नाही. वरच्या पेस्टचा चांगली पेस्ट लावून एखाद-दोन अंश. सगळ्या रस्त्यात माझ्या हाताला लागणारा एकच मोठा रोध उरतो, तो झाकणाखाली. ज्याच्याकडे दुसऱ्या वाटा आहेत त्याने झाकणाला हात लावला नाही तरी चालेल. लहान कॅबिनेटवाल्याला मात्र तीच एक वाट आहे. आपण नेमकं उलट म्हणताय: कॅबिनेट लहान, म्हणून झाकण काढणं व्यर्थ.

‘जाणार कुठे’ हा दुसरा अर्धा. तुम्ही डोळ्यांसमोर एक बंद खोका आणलात, ज्यात प्रोसेसर स्वतःच्याच गरम हवेत शिजत बसलाय. तसं नसतं हो. या रचनेत मधोमध कणा असतो. एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला रायझर केबलने जोडलेलं ग्राफिक्स कार्ड. कूलरचा पंखा बाजूच्या जाळीदार पॅनलला जवळजवळ टेकलेला असतो आणि हवा थेट खोलीतली ओढतो. जाळी आणि पंखा यांच्यात उरलेल्या फटीभोवती फोमची पट्टी लावली, की आतली गरम हवा वळून पुन्हा पंख्यात शिरत नाही. ही पट्टी लेखातल्या फोटोत दिसते. ग्राफिक्स कार्ड आपली हवा आपल्या बाजूच्या जाळीतून घेतं. गरम हवा वरून आणि मागून निघून जाते. उष्णता कुठे जाणार, याचं उत्तर एवढंच: बाहेर.

ओव्हरक्लॉक केल्यावर वॅट वाढले, हेही मी लपवलेलं नाही. ४.७ गिगाहर्ट्झला सगळ्या कोअरसाठी १.२८ व्होल्टच्या आसपास लागले. वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतात आणि वेगाच्या सरळ पटीत, त्यामुळे १०५चे १३५ झाले. तापमान ९२वर गेलं. यावर कोणी म्हणेल, म्हणजे होतात तिथेच परत आलात. पण त्याच गणिताने झाकण न काढता काय झालं असतं ते बघा. खोली २८ अंश धरा. आधीचा एकूण रोध (९४ वजा २८) भागिले १०५, म्हणजे ०.६३. त्याला १३५ने गुणा, ८५ येतात. त्यात २८ मिळवा, ११३. या प्रोसेसरची मर्यादा १००. म्हणजे तिथे पोचायच्या आधीच त्याने वेग खाली ओढला असता. झाकण काढलेल्या अवस्थेत तेच गणित ९२ देतं आणि मोजमापही ९२. कागद आणि मीटर एवढे जुळल्यावर आणखी काय सिद्ध करायचं असतं, ते मला कळत नाही. चारशे मेगाहर्ट्झ मिळाले, सहाही कोअरवर.

‘शाळकरी’ या शब्दावरून थोडं स्वतःबद्दल. मला हे आवडत नाही, पण विषय आपण काढलात. मी हे उद्योग सुरू केले ते सेलेरॉन ३००एच्या काळात. बस (प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांच्यातला दुवा) ६६ची १०० मेगाहर्ट्झ केली की तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेवर धावायचा. त्यानंतर अ‍ॅथलॉन आले, ज्यांच्या पाठीवरचे एल१ नावाचे तुटके पूल पेन्सिलीच्या शिशाने जोडले की मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा, मोकळा व्हायचा. पेन्सिलीने! त्या प्रोसेसरांना झाकणच नव्हतं. डाय उघडा, चार कोपऱ्यांना चार मऊ गाद्या, आणि कूलरची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवायची. जरा तिरका दाब पडला की डायचा कोपरा टचकन उडायचा. उघड्या डायवर कूलर बसवताना श्वास रोखून धरायची सवय मला तेव्हा लागली, ती अजून सुटलेली नाही. तेव्हा ‘झाकण काढणं’ ज्यांना आज धाडस वाटतं, त्यांच्यापैकी किती जणांनी झाकण नसलेला प्रोसेसर हाताळलाय, हे विचारायचा मोह मी आवरतो.

झाकणाखालच्या पेस्टचा इतिहासही आपल्या प्रतिक्रियेत कुठे नाही, आणि त्याशिवाय हा वादच समजत नाही. २०११च्या सँडी ब्रिजपर्यंत इंटेलच्या या वर्गातल्या प्रोसेसरमध्ये डाय आणि झाकण सोल्डरने जोडलेले असत. २०१२ला आयव्ही ब्रिज आला, २२ नॅनोमीटरचा. डाय २१६ चौरस मिलिमीटरवरून १६०वर आला आणि सोल्डरच्या जागी पेस्ट आली. लोक पेस्टला दोष देत बसले. पण झाकणं काढून पाहिल्यावर लक्षात आलं की खरी गोम पेस्टपेक्षा फटीत आहे. झाकण ज्या काळ्या सिलिकॉनने कडेला चिकटवलेलं असतं, त्याच्या जाडीमुळे झाकण डायपासून किंचित उचललेलं राहतं. पेस्ट कितीही चांगली असली तरी तिचा थर जाड राहिला तर रोध जास्तच. म्हणून गोंद खरवडणं हा या कामाचा अर्धा फायदा आहे, आणि म्हणूनच मी लेखात त्या खरवडण्यावर इतका वेळ घालवला. तुम्हाला तो भाग पाल्हाळ वाटला असेल.

इंटेलची बाजूही सांगतो, एकांगी वाटायला नको. डाय लहान होत गेला की तापण्या-निवण्याच्या चक्रांत सोल्डरला तडे जाण्याचा धोका वाढतो, हे कारण त्या वेळी मांडलं गेलं आणि त्यात तथ्य आहे. २०१७मध्ये ७७००केच्या तापमानाच्या उड्यांबद्दल विचारणा झाली, तेव्हा झाकण काढू नका आणि ठरवलेल्या मर्यादेबाहेर चालवू नका असंच इंटेलने सांगितलं होतं. कंपनी आणखी काय सांगणार? त्या उड्या मात्र खऱ्या होत्या. ब्राउझर उघडला की क्षणात तापमान चढायचं, पंखा भुंकायचा, दोन सेकंदांत पुन्हा शांत. लहान कॅबिनेटमधला ९२ मिलिमीटरचा पंखा टेबलावर कानाशेजारी असतो, त्यामुळे हा त्रास तिथे दुप्पट. झाकणाखालचा रोध गेला की उडीही बुटकी होते आणि पंख्याला भुंकायचं कारण उरत नाही. ओव्हरक्लॉक नको असेल त्यानेही एवढ्यासाठी हे करावं, असं माझं मत आहे.

‘बेजबाबदार’. हा शब्द मला लागला, लपवत नाही.

मी कोणाला ब्लेड हातात घ्यायला सांगितलेलं नाही. इंटेलच्या हॅसवेल पिढीच्या काळात लोक ब्लेडने गोंद कापायचे. डायशेजारीच बारीक घटकांची रांग असायची. पातं तिथवर गेलं की प्रोसेसर कायमचा गेला. शिकंज्यात धरून लाकडाच्या ठोकळ्यावर हातोडी मारायची पद्धतही होती. २०१५च्या स्कायलेक पिढीपासून डायखालचा हिरवा सबस्ट्रेट (ज्या पट्टीवर डाय बसतो ती) आधीपेक्षा पातळ झाला, त्यामुळे ती पद्धत तर मी लेखात स्पष्ट नाकारली आहे. मी वापरलं ते झाकण आडवं सरकवणारं साधन, रॉकिट ८८ वगैरे जातीचं. स्क्रू पिळत जायचा, झाकण आडवं सरकतं, गोंद फाटतो आणि एक बारीक ‘टक’ ऐकू येतो. त्यात दाब कडेवर पडतो, डायवर नाही.

लिक्विड मेटलबद्दलही लेखात सगळं होतं. ते गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण असतं. उत्पादकांच्या पत्रकावर त्याची उष्णतावाहकता सत्तरच्या घरात दिसते, तर नेहमीच्या पेस्टची एक आकडी किंवा त्याच्या जरा वर. पण ते वीजही वाहतं. म्हणून डायशेजारी उघडा धातू जिथे दिसेल तिथे नेलपॉलिशचा हात फिरवायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. लिक्विड मेटल थेंबाथेंबाने सोडायचं नाही, काडीने घासून आरशासारखा पातळ थर करायचा, डायवरही आणि झाकणाच्या आतूनही. गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या तळाच्या कूलरला ते कधीच लावायचं नाही, आणि कूलरच्या पात्याही अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात म्हणून झाकणाच्या वरच्या बाजूला साधी पेस्टच ठेवायची. उघड्या तांब्यात ते हळूहळू मुरतं, निकेलच्या मुलाम्यावर टिकतं. एवढं सांगणाऱ्या माणसाला बेजबाबदार म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग जबाबदार कसं लिहितात याचा एक नमुना आपणही लिहून दाखवा. वाट बघतो.

उरलेल्या गोष्टी पटकन. खोलीचं तापमान: आधीच्या आणि नंतरच्या चाचण्या त्याच खोलीत, दिवसाच्या त्याच वेळी केल्या, फरक मोजायचा असतो तेव्हा खोलीचा आकडा दोन्हीकडून कटतो. पॅनल: लावून आणि काढून चार-पाच अंशांचा फरक पडतो, आणि तो आधी-नंतर दोन्हीला सारखाच लागू आहे, त्यामुळे निष्कर्षाला धक्का लागत नाही. अंडरव्होल्ट, म्हणजे प्रोसेसरला कमी व्होल्टवर चालवणं: चांगली गोष्ट आहे, कोण नको म्हणतंय, त्यावर स्वतंत्र लेख लिहायचा आहे. झाकण काढणं आणि अंडरव्होल्ट या एकमेकांच्या सवती नाहीत, दोन्ही एकत्र नांदतात. एका लेखात सगळंच यावं अशी अपेक्षा असेल तर ती ग्रंथाकडून ठेवावी.

आणखी एक, कारण दुसऱ्या दोघांनीही आपल्या प्रतिक्रियेला दुजोरा देताना हे लिहिलंय. ‘आता नवीन प्रोसेसरनाही हेच करायचं का?’ नाही. २०१८च्या ९९००केपासून इंटेलने या वर्गात सोल्डर परत आणला. एएमडीचे रायझन मुळात सोल्डरचेच होते, २२००जी आणि २४००जीसारखे अपवाद सोडून. २०२२च्या एएम५ सॉकेटच्या रायझनलाही सोल्डरच आहे, वर जाडजूड झाकण. सोल्डर असलेलं झाकण ओढून काढताना डाय झाकणाबरोबर उचकटून येऊ शकतो, आणि जिवावर उदार होऊन ते काढलंच तरी पेस्टच्या प्रोसेसरइतका फायदा सहसा हाती लागत नाही. माझा लेख पेस्टवाल्या प्रोसेसरपुरता आहे आणि तसं त्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलेलं आहे. शेवटची ओळ आपण एवढी बारकाईने वाचलीत, तर दुसरा परिच्छेदही वाचायला हरकत नव्हती.